मास्तरणीच्या डोळ्यातली पंचवीस इंजेक्शनं

माझ्या नणंदेला घरीदारी सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेतली नव्हे, गाडीची. एकतीस वर्षं ती लोकांना मोटार चालवायला शिकवते आहे. एक पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे तिचा स्वतःचा ब्रेक आणि क्लच. शिकणाऱ्याने घोळ घातला की ती बसल्या जागेवरून गाडी थांबवते आणि मग तिचं तोंड सुरू होतं. लग्न केलं नाही. "रोज एक नवा माणूस शेजारी बसतो आणि मुकाट्याने माझं ऐकतो, हे सुख कुठल्या संसारात मिळणार?" असं म्हणते. राहते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, जेवायला मात्र वर आमच्याकडे.

आमचं दोघींचं बरं होतं, फक्त गाडीचा विषय सोडून. नऊ वर्षांपूर्वी मी तिच्याकडेच शिकले. चौथ्या परीक्षेत पास झाले आणि लायसन्स हातात पडल्याच्या आठवड्यातच गाडी मागे घेताना सायकलींच्या रांगेला धक्का दिला. अकरा सायकली एकीवर एक अशा निजल्या की शेवटची पडेपर्यंत मी मोजत राहिले. मास्तरीण तिच्या क्लासच्या ऑफिसातून बाहेर आली. तिच्या मागे चार-पाच शिकाऊ मंडळी उभी होती. त्यांना म्हणाली, "ही माझी वहिनी. गाडी कशी चालवू नये, ते नीट बघून घ्या."

सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून माझं लायसन्स बँकेत ओळख दाखवण्यापुरतं उरलं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरीण एका विद्यार्थ्यावर उखडली. गाडीची पुढची काच का पुसली नाहीस, म्हणून. त्या बिचाऱ्याने पुन्हा पुसली. तिने स्वतः पुसली. डाग जाईनात. मग तिच्या लक्षात आलं की डाव्या डोळ्याने बघितलं तर काच स्वच्छ आहे. ठिपके काचेवर नव्हते, उजव्या डोळ्यात होते.

जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आत सूज आहे म्हणाले, थेंब दिले. थेंब घातले की बरं वाटायचं, थांबवले की दुखणं पुन्हा हजर, भाडं थकलेल्या घरमालकासारखं. असे सहा महिने गेले. ठिपक्यांचं जाळं झालं, जाळ्याचं धुकं झालं. शेवटी त्यांनीच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी डोळ्याच्या आत जो जेलीसारखा पदार्थ असतो त्यातला थोडासा काढून तपासायला दिला.

दहा दिवसांनी आम्हा दोघींना समोर बसवून त्या म्हणाल्या, "ही सूज नाही. हा लिम्फोमा आहे. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो डोळ्याच्या आत येऊन बसलाय."

मी खुर्चीची कड धरली. मास्तरीण मात्र म्हणाली, "डोळ्यात? तिथे जागा ती किती!"

"म्हणून तर औषधही तिथेच द्यायचंय. अगदी थोडं, एका थेंबाएवढं."

"म्हणजे थेंबच ना?"

"नाही. इंजेक्शन."

"दंडात?"

"डोळ्यात."

मास्तरणीने उजवा डोळा तळहाताने झाकला. मग विचारलं, "किती?"

"पंचवीस. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा. नंतरचे आठ आठवडे आठवड्यातून एकदा. मग महिन्यातून एकदा, नऊ महिने."

मास्तरणीने बोटांवर हिशोब केला. डॉक्टरांची बेरीज चुकली असेल अशी तिला आशा असावी. "होतात खरी पंचवीस," ती खिन्नपणे म्हणाली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. या आजाराला डोक्यात शिरायची खोड असते, म्हणाल्या. म्हणून मेंदूचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. दोन्ही स्वच्छ आले. "आज तिथे काही नाही. आपण लक्ष ठेवू. आणि उपचार चालू आहेत तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

घरी येताना जिन्यात मास्तरीण मला म्हणाली, "कॅन्सरचं एक वेळ ठीक आहे. पण स्टिअरिंग?"

पहिल्या इंजेक्शनला आम्ही टॅक्सीने गेलो. येताना डोळ्यावर पट्टी होती, तरी तिने मागच्या सीटवरून चालकाला विचारलं, "इंडिकेटर दिलात का हो? मला एकाच डोळ्याने दिसतंय, म्हणून विचारते." दुसऱ्या वेळच्या चालकाला तिने तीन चौकांत तीनदा गिअर बदलायला सांगितला. चौथ्या चौकात त्याने गाडी बाजूला घेतली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे उतरता का?" राहिलेलं अंतर आम्ही पायी कापलं.

माझा नवरा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, छापखान्यात पहाटेच्या पाळीला जातो. त्याला गाडी येतही नाही. "लहानपणापासून तिचं ऐकतोय, आणखी पैसे भरून कशाला ऐकू?" हे त्याचं कायमचं उत्तर.

तेव्हा गुरुवारी संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी मास्तरणीने गाडीची किल्ली ठेवली. "उद्या साडेआठची वेळ आहे."

"मग?"

"मग सव्वासातला निघू. तू चालवणार म्हणजे वेळ हाताशी हवा."

विनंतीही तीच आणि टोमणाही तोच. मी रफूचं काम करते, कपड्यांच्या दुकानात. दुकान अकराला उघडतं. सबब सांगायला जागा नव्हती. मी किल्ली उचलली.

वीस मिनिटांचा रस्ता. आम्हाला एक तास पाच मिनिटं लागली. मी जीव मुठीत धरून, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता चालवत होते, आणि गाडी दर थोड्या वेळाने आपोआप थांबत होती. आपोआप कसली! मास्तरीण तिचा ब्रेक दाबत होती.

"समोर कोण आलं?"

"कोणी नाही!"

"काळं काहीतरी आडवं गेलं."

"ते तुझ्या डोळ्यातलं गेलं!" मी ओरडले, आणि लगेच जीभ चावली.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागून हॉर्नचा गोंगाट. मास्तरणीला जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता दुखऱ्या डोळ्यातूनही पाणी आलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, "त्याला हॉर्न देऊन उपयोग नाही."

त्याच ठिकाणी आमचा करार झाला. मी चालवेन तेव्हा तिने पाय सीटवर मांडी घालून ठेवायचे. तोंडाने काय वाटेल ते बोलावं, पायाने नाही. तिने मांडी घातली. हॉस्पिटलपर्यंत ती समाधी लावल्यासारखी ताठ बसली होती, फक्त ओठ हलत होते.

मला आत यायची परवानगी पहिल्यापासूनच होती, कारण मास्तरणीने ती मागितली नाही, जाहीर केली होती. आत एक सिस्टर असायची, गोल चेहऱ्याची, हसरी. ती आधी बधिर करणारे थेंब घालायची, मग पिवळसर औषधाने डोळा आणि पापण्या धुवायची. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटा चिमटा लावायची. मग डॉक्टर बारीक मापपट्टीने बुबुळाच्या कडेपासून अंतर मोजायच्या आणि पांढऱ्या भागात नेमक्या जागी सुई टोचायच्या. सगळं मिळून दहा मिनिटं. टोचणं तर दोन सेकंदांचं.

पण त्या दोन सेकंदांना मास्तरीण घाबरायची. हजारो लोकांना घाटात गाडी चढवायला लावणारी ही बाई खुर्चीवर आडवी झाली की माझं मनगट असं धरायची की दुकानात गेल्यावर सुई धरता येऊ नये. तिसऱ्या वेळी ती डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही गप्प राहून करता ना, त्याची भीती वाटते. मी शिकवताना आधी सांगते, आता क्लच दाब, आता गिअर टाक. तसं बोलत करा."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग त्यांनी तसंच केलं. "आता थेंब घालते. आता मोजते. आता डावीकडे वर बघा, त्या दिव्याकडे. आता थोडा दाब जाणवेल. झालं."

"झालं?"

"झालं. किती बोटं?"

"दोन. आणि डोळ्यात धूर सोडल्यासारखं दिसतंय, गोल गोल फिरतंय."

"ते औषध. बसेल खाली."

नंतर डॉक्टर बाकीच्या रुग्णांशीही तसंच बोलायला लागल्या, असं सिस्टरने आम्हाला सांगितलं. मास्तरणीने ते ऐकून मान अशी हलवली, जणू आणखी एक विद्यार्थिनी पास झाली.

या सिस्टरचीच एक गंमत. एकदा डॉक्टरांना यायला उशीर होता. बाहेरच्या बाकांवर आम्ही सात-आठ जण. सिस्टर मास्तरणीच्या डोळ्यात थेंब घालता घालता हळूच म्हणाली, "मॅडम, मला गाडी शिकायचीय. पण रस्त्यावर गेलं की छातीत धडधडतं."

"इथे बस," मास्तरीण म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. तो ट्रे आण."

औषधांचा स्टीलचा गोल ट्रे रिकामा करून तो सिस्टरच्या हातात स्टिअरिंग म्हणून दिला. पायाखाली तीन फायली. डावीकडून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. समोरच्या बाकावरचे आजोबा, मोतीबिंदू काढलेले, त्यांना सिग्नल केलं. "आजोबा, तुम्ही मनात येईल तेव्हा लाल म्हणा." आजोबांच्या आयुष्यात एवढा अधिकार बहुधा प्रथमच आला असावा. ते दर चार सेकंदांनी लाल म्हणू लागले. सिस्टर फायलीवर फायली दाबत होती. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाई मागून म्हणाल्या, "अहो, हिला हिरवा कधी मिळणार?" डॉक्टर आल्या तेव्हा सगळी रांग खिदळत होती आणि सिस्टर तिसऱ्या गिअरमध्ये होती.

आठव्या इंजेक्शननंतर धुकं विरळ झालं. आधी मास्तरणीला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरही दिसत नव्हतं, आता वरच्या तीन ओळी दिसू लागल्या. डॉक्टरांनी यंत्रातून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "पेशी खूप कमी झाल्यात." नवऱ्याने त्या दिवशी छापखान्यातून येताना बहिणीसाठी उगाच एक नवी टोपी आणली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आणि मीही सुधारत होते. पस्तीस मिनिटांवर आले होते. तिसरा गिअर टाकायचे. मास्तरणीची मांडी तशीच असायची, पण ओठ हलणं कमी झालं होतं.

मग तेरावं इंजेक्शन झालं आणि गाडं अडलं. दोन दिवसांनी डोळा इतका खुपायला लागला की उजेड नको, बोलणं नको. डोळ्यात कोणी मूठभर वाळू टाकलीय म्हणाली. तिने खोलीचे पडदे लावले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की असं होतं. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं, आणि डोळ्याच्या पुढचं नाजूक कातडंही झपाट्यानेच वाढत असतं. औषधाला आपला-परका कळत नाही. दोन आठवडे खंड देऊ, थेंब बदलू, ते कातडं पुन्हा भरून येईल.

पण मास्तरणीने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "बास. तेरा झाली तेवढी पुरे. मी नाही येणार."

मी बोलले, नवरा बोलला. पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी हॉस्पिटलातून फोन आला: डोळ्याचं कातडं सांभाळणारे खास थेंब तिथल्याच औषधालयात बनवून ठेवलेत, आज सहाच्या आत न्या, आणि नेल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

नवरा म्हणाला, "मी बसने जातो." बस दोनदा बदलावी लागते, आणि साडेचार वाजले होते. मी किल्ली घेतली.

जिना उतरेपर्यंत मला काही वाटलं नाही. गाडीत बसले तेव्हा शेजारची सीट रिकामी दिसली. तिथला ब्रेक दाबायला कोणी नव्हतं. इतके दिवस ती मांडी घालून बसायची, तरी ती होती.

जाताना ठीक गेले. थेंबांची बाटली बर्फाच्या पिशवीत घालून मिळाली. येताना पुलाच्या चढावर सिग्नल लागला आणि मी नेमकी चढाच्या मध्यावर थांबले. मागे पाण्याचा टँकर, अगदी चिकटून. हिरवा झाला. मी क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि एक हात मागे सरकली. टँकरवाल्याने हॉर्न दिला. माझ्या डोळ्यांपुढे अकरा सायकली एकापाठोपाठ आडव्या झाल्या.

मी हँडब्रेक ओढला. मग मोठ्याने बोलायला लागले, एकटीच. "आता किल्ली फिरव. आता क्लच. आता पहिला. आता क्लच हळू सोड, गाडी थरथरली की थांब. आता हँडब्रेक." गाडी थरथरली, नाक किंचित उचललं आणि वर निघाली. टँकरवाला पुढच्या चौकात शेजारी आला तर त्याने हात वर करून दाखवला. शिवी नव्हती ती. मी खात्री करून घेतली.

मी घरी आले, बाटलीतले थेंब मास्तरणीच्या डोळ्यात घातले आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा तिच्या खाटेशी बसले. अंधारातच तिने विचारलं, "एकटी गेलीस?"

"हो."

"पुलावर थांबावं लागलं?"

"लागलं."

"बंद पडली?"

"एकदा."

"एकदाच?" ती कोपरावर उठून बसली. डोळा मिटलेलाच. उशी पाठीशी घेतली. मग म्हणाली, "वहिनी, त्या सायकलींच्या वेळी मी चारचौघांत बोलले ना, ते बोलायला नको होतं. तू घाबरली होतीस. घाबरलेल्याला हसायचं नसतं, हे मी स्वतः सगळ्यांना शिकवते. आणि तुझ्या बाबतीत विसरले."

तिची चादर सरळ करत मी म्हटलं, "चौदाव्याला येणार का?"

"येते. पण मांडी घालून गुडघे दुखतात. पाय खाली सोडले तर चालेल?"

"ब्रेकपासून लांब."

"लांब," ती म्हणाली.

त्या थेंबांनी दहा दिवसांत वाळू गेली. पुढची इंजेक्शनं थोड्या अंतराने दिली, पण एकही चुकवलं नाही. सोळाव्यानंतर महिन्यातून एकदा जायचं असल्याने आम्हाला ती जवळजवळ सहल वाटू लागली. येताना कुठेतरी थांबून आइस्क्रीम खायचं, असा नियम मास्तरणीनेच घालून दिला. दर तीन महिन्यांनी मेंदूचा फोटो निघायचा. त्या दिवशी मात्र आइस्क्रीम आधी खायचं, निकाल नंतर ऐकायचा. काही वाईट ऐकायचंच असेल तर निदान आइस्क्रीम वाया जाऊ नये, म्हणे. सगळे फोटो स्वच्छ आले.

पंचविसाव्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी शेवटची मोठी तपासणी होती. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, "वाचा."

मास्तरीण तक्त्याकडे बघेचना. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तिकडे नाही, इकडे."

"डॉक्टर, ती खाली निळी गाडी कोणाची हो? दोन गाड्यांच्या जागेत एक लावलीय. मागचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर आहे."

डॉक्टर खिडकीशी गेल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझी आहे. सकाळी घाईत लावली."

सिस्टरने तोंडावर रुमाल धरला.

तक्ताही मग वाचला. शेवटून दुसरी ओळ, एका अक्षराची चूक. डोळ्याच्या आत एकही वाईट पेशी दिसत नव्हती. डॉक्टर समोर बसल्या आणि त्यांच्या त्या शांत आवाजात म्हणाल्या, "गाडी चालवा. शिकवायलाही हरकत नाही. पण हा आजार मी ओळखते. तो परत येऊ शकतो, डोळ्यात नाही तर डोक्यात. दर तीन महिन्यांनी यायचं, बरं वाटत असलं तरी यायचं."

"येईन," मास्तरीण म्हणाली. "तुमचं पार्किंग तपासायला कोणीतरी हवंच."

खाली आल्यावर किल्ली मी तिच्या हातात दिली. ती स्टिअरिंगमागे बसली, आरसा नीट केला, सीट पुढे ओढली. चौदा महिन्यांनी. पहिल्या चौकापर्यंत अगदी कासवासारखी गेली, आणि मी एक शब्द बोलले नाही.

आता तिचे वर्ग फक्त सकाळी असतात. सिस्टर दुसऱ्या परीक्षेत पास झाली. परवा रविवारी मला परगावी माझ्या मुलीकडे जायचंय, साडेतीन तासांचा रस्ता, माझी मी. मास्तरणीने कालपासून टायरमधली हवा दोनदा तपासली आहे. ती आत्ता खाली उभी राहून मला हाक मारतेय, स्टेपनी बदलायचं एकदा दाखवते म्हणून. मी हातातलं रफू ठेवून खाली निघाले आहे.